ख्रिस्ती जीवनात प्रौढ होताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमधल्या शरणपूर, नाशिकरोड, देवळाली, सातपूर अशा वेगवेगळ्या भागांतल्या मंडळ्यांत (चर्चमध्ये) बायबल अभ्यास घेताना, घरभेटींत आणि दृढीकरणाच्या (बाप्तिस्मा झालेल्याने आपला विश्वास स्वतः जाहीर कबूल करण्याच्या विधीच्या) वर्गांत जे प्रश्न सतत येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं सारख्या लांबीची नाहीत, कारण प्रश्नही सारखे अवघड नाहीत.

आध्यात्मिक प्रौढता म्हणजे नेमकं काय?

आधी ती काय नाही ते पाहू. करिंथच्या मंडळीला प्रेषित पौल पहिलं पत्र लिहितो तेव्हा त्यांच्याकडे ज्ञान आहे, वक्तृत्व आहे, कृपादानांची कमतरता नाही, हे तो पहिल्याच अध्यायात मान्य करतो. आणि तिसऱ्या अध्यायात त्याच लोकांना बाळकं म्हणतो. कारण देताना तो त्यांच्या प्रार्थनेची लांबी काढत नाही. तुमच्यात हेवा आणि कलह आहे, एवढंच सांगतो. अकराव्या अध्यायात तर प्रभुभोजनाला काही जण पोटभर जेवतात आणि गरीब उपाशी राहतात, अशी अवस्था दिसते.

इब्री ५:१४ (इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा पाचवा अध्याय, चौदावी ओळ) मध्ये प्रौढ कोण ते सांगितलंय: सरावाने ज्यांना बरं-वाईट ओळखता येऊ लागलं आहे ते. यातला सराव महत्त्वाचा. प्रौढता ही एखाद्या सभेत अचानक मिळणारी गोष्ट नाही, आणि वय वाढलं म्हणून आपोआप येणारीही नाही. आमच्या मते ओळखायची सगळ्यात उपयोगी खूण एकच: चुकल्यावर परत यायला तुम्हाला किती वेळ लागतो. पत्नीला टोचून बोलल्यावर पूर्वी चार दिवस अबोला चालायचा, आता संध्याकाळपर्यंत तुम्ही स्वतः बोलायला जाता, तर काहीतरी घडतंय. चुका थांबल्या नसतील, पण देवाकडे आणि माणसाकडे परतायचं अंतर कमी झालंय. पुढची बहुतेक उत्तरं या अंतराबद्दलच आहेत.

बाप्तिस्मा होऊन वीस वर्षं झाली, दर रविवारी उपासनेला जातो, तरी स्वभाव तसाच आहे. असं का?

कारण उपासनेला हजर राहणं आणि ऐकलेलं आचरणात आणणं ही दोन कामं आहेत, आणि दुसऱ्याला आपण वेळच दिलेला नसतो. इब्रीच्या पत्रात हीच तक्रार आहे: इतक्या काळात तुम्ही शिक्षक व्हायला हवे होतात, अजून दूधच लागतंय.

एक करून पाहा. रविवारच्या उपदेशातली एकच गोष्ट निवडा आणि ती शनिवारपर्यंत कुणाशी, कुठे, कधी करायची ते लिहा. ‘जास्त प्रीती करीन’ हे लिहून उपयोग नाही. ‘बुधवारी मोठ्या भावाला फोन करीन आणि जमिनीचा विषय न काढता फक्त त्याची तब्येत विचारीन’ हे चालेल. नाव आणि वार नसला की संकल्प सोमवारी दुपारपर्यंतसुद्धा टिकत नाही.

रोज किती वेळ द्यावा? आमच्या घरात शिफ्ट आहेत, पहाट शांत नसते.

येशू पहाटे उठून एकांतात गेला हे मार्क १:३५ मध्ये आहे, पण पहाट हा नियम म्हणून कुठे दिलेला नाही. सातपूर-अंबडला तिसरी पाळी करून सकाळी घरी येणाऱ्या माणसाने पाच वाजताच्या प्रार्थनेचं ओझं घेऊ नये. घड्याळाऐवजी रोज न चुकता होणाऱ्या एखाद्या कामाला हा वेळ जोडा. पाळीवरून आल्यावर आंघोळ झाली की लगेच, मुलं शाळेच्या व्हॅनमध्ये बसली की लगेच, कंपनीच्या बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली की लगेच. पाळी बदलली तरी आंघोळ बदलत नाही.

सुरुवातीला १५ मिनिटं पुरे. एक मिनिट नुसतं शांत बसा. सात-आठ मिनिटं एक छोटा उतारा दोनदा वाचा, दुसऱ्यांदा मोठ्याने. चार मिनिटं त्याच उताऱ्यातल्या शब्दांनी प्रार्थना करा. उरलेल्या वेळात वहीत तीन ओळी लिहा: या उताऱ्यात देव कसा दिसतो, मला काय सांगतो, आज मी काय करणार. ही १५ मिनिटं तीन महिने टिकली तर वाढवा. पहिल्याच आठवड्यात तासभर करणारे बहुतेक जण तिसऱ्या आठवड्यात थांबतात, आणि मग थांबल्याच्या अपराधी भावनेने बायबल उघडायचंच टाळतात.

मोबाईलवर वाचणार असाल तर आधी इंटरनेट बंद करा. व्हॉट्सअ‍ॅपची एक सूचना आली की वाचन संपलंच. शक्य असेल तर छापील प्रतच वापरा.

दर वर्षी १ जानेवारीला बायबल वाचायला घेतो आणि लेवीय या तिसऱ्या पुस्तकापर्यंत येऊन थांबतो. काय करावं?

हे इतकं ठरलेलं आहे की तारीखही सांगता येते. प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६ पुस्तकं आणि १,१८९ अध्याय आहेत. वर्षात संपवायचे तर रोज सव्वातीन अध्याय. या वेगाने २३ जानेवारीच्या आसपास निर्गमाचा २५ वा अध्याय येतो आणि निवासमंडपाच्या फळ्या, कड्या, पडद्यांची मापं सुरू होतात. २८ ला लेवीय. तिथे यज्ञांचे प्रकार, त्वचारोगांचे नियम. का वाचतोय हे कळेनासं होतं, दोन दिवस बुडतात, सहा-सात अध्याय मागे पडतात, आणि ती थकबाकी बघूनच माणूस पुस्तक मिटतो.

दोष लेवीयाचा नाही, क्रमाचा आहे. नव्याने वाचणाऱ्याने असं जावं: मार्क (१६ अध्याय), फिलिप्पैकरांस (४), याकोब (५), मग उत्पत्ती (५०), निर्गम १ ते २०, मग लूक (२४) आणि प्रेषितांची कृत्ये (२८). हे १४७ अध्याय झाले. आठवड्यात पाच दिवस, रोज एक, असे साधारण सात महिने लागतात. शनिवार-रविवार मुद्दाम मोकळे ठेवायचे, बुडालेले दिवस त्यात भरून निघतात. त्यानंतर संपूर्ण नवा करार घ्या. त्यात २६० अध्याय आहेत, म्हणजे ५२ आठवडे गुणिले पाच. हिशोब अगदी चोख बसतो.

लेवीयात शिरायचं तेव्हा आधी १६ वा आणि १९ वा अध्याय वाचा आणि सोबत इब्री ९ व १० ठेवा. प्रायश्चित्ताचा दिवस आणि ‘शेजाऱ्यावर प्रीती कर’ ही आज्ञा एकाच पुस्तकात आहे हे लक्षात आलं की बाकीचा भाग वाचायची इच्छा होते.

आणि छोटं पत्र कधीतरी एका बैठकीत पूर्ण वाचा. फिलिप्पैकरांस पत्र मोठ्याने वाचायला पाव तासाच्या आसपास लागतो. रोज चार ओळी तोडून वाचताना पौल हे सगळं तुरुंगातून लिहितोय याचा विसर पडतो.

कोणतं मराठी भाषांतर घ्यावं?

तुमच्या मंडळीत उपासनेला जे वाचतात तेच आधी घ्या, म्हणजे ऐकलेलं आणि वाचलेलं जुळतं. भाषा जड वाटली तर सोप्या मराठीतली दुसरी प्रत शेजारी ठेवा. कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तकं असतात. त्यामुळे मित्राच्या प्रतीत जास्त पुस्तकं दिसली म्हणून वाद घालू नका.

आईला वाचता येत नाही. तिने कसं वाढायचं?

ऐकून. पहिल्या शतकात पौलाची पत्रं बहुतेकांनी ऐकलीच, वाचली नाहीत. घरातल्या शाळकरी मुलाने रोज रात्री जेवणानंतर दहा ओळी मोठ्याने वाचाव्यात आणि आजीने त्याला एक प्रश्न विचारावा. यात दोघांचंही काम होतं. मोबाईलवर मराठी ध्वनी-बायबल मिळतं, भाजी निवडताना लावता येतं.

आणि भजनं आहेतच. कवी नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. त्यांनी अभंग-ओवीच्या चालीत ख्रिस्ताची गाणी लिहिली म्हणून अक्षरओळख नसलेल्या बायाही ती तोंडपाठ म्हणू शकल्या. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई मूळच्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या. त्यांचंही शाळेत जाणं झालं नव्हतं, अक्षरं लग्नानंतर गिरवली. आईला पाठ असलेली भजनं तिच्याकडून एकदा लिहून घ्या. त्यातलं शास्त्र किती आहे ते पाहून आश्चर्य वाटेल.

प्रार्थनेला बसलं की मन भटकतं, शब्दच सुचत नाहीत.

मोठ्याने किंवा पुटपुटत प्रार्थना करा, मनातल्या मनात केली की विचार घुसतात. शब्द सुचत नसतील तर दुसऱ्याचे घ्या, त्यात कमीपणा नाही. प्रभूची प्रार्थना एकेक ओळ थांबत म्हणा. ‘आमची रोजची भाकर’ म्हणताना घरातल्या गरजांची नावं घ्या, ‘आम्हांस क्षमा कर’ म्हणताना कालचा प्रसंग सांगा. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत. रोज पाच घेतली तर महिन्यात पूर्ण होतात, पण नवख्याने रोज एकच घ्यावं. ११९ वं मात्र एका दिवसात घेऊ नका, १७६ ओळी आहेत.

मन भटकून जिथे जातं तीच बरेचदा खरी काळजी असते. हप्ता आठवला तर हप्त्यासाठीच प्रार्थना करा आणि पुढे चला. आणि ‘तुमच्यासाठी प्रार्थना करतो’ असं कुणाला म्हणालात तर तिथल्या तिथे, गेटपाशी उभं राहून अर्धा मिनिट करा. घरी जाऊन करीन म्हटलेलं बहुधा राहून जातं.

काही महिन्यांपासून सगळं कोरडं वाटतं. देव दूर गेलाय का?

कोरडेपणा हा पापाचाच पुरावा असतो असं धरू नका. १३ व्या स्तोत्रात ‘कुठवर’ हा प्रश्न चार वेळा येतो. ८८ वं स्तोत्र अंधारातच संपतं, आणि तरी ते पवित्र शास्त्रात ठेवलेलं आहे.

आधी शरीराकडे पाहा. १ राजे १९ मध्ये एलीया संदेष्टा मरण मागतो तेव्हा देव त्याला उपदेश करत नाही. झोपू देतो, भाकर-पाणी देतो, परत झोपू देतो, परत खाऊ घालतो. बोलणं नंतर होतं. झोप किती होते, थायरॉइड किंवा हिमोग्लोबिन तपासून किती दिवस झाले, नुकतंच कुणी गेलंय का, बाळंतपण झालंय का, हे विचारा. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच रस नाही, झोप-भूक बिघडली आहे, जगू नये असं वाटतंय, तर डॉक्टरांकडे जा. टेलि-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. गोळी घेणं म्हणजे विश्वास कमी पडणं नव्हे.

शरीर ठीक असेल तर मग योहान १५ वाचा, त्यात येशू स्वतःला द्राक्षवेल म्हणतो. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागायतदाराला तो अध्याय वेगळा समजावून सांगावा लागत नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते तेव्हा बाग बोडकी दिसते, एकही घड नसतो. पण पुढच्या हंगामात किती घड लागणार हे त्याच उन्हाळ्यात, नव्या काडीच्या डोळ्यात ठरतं. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर ते फक्त बाहेर येतं. उन्हाळ्यात पाणी-खताकडे दुर्लक्ष झालं तर ऑक्टोबरमध्ये कितीही फवारण्या केल्या तरी घड वाढवता येत नाहीत. कोरड्या महिन्यांत वाचन, प्रार्थना, उपासना छोटी करा पण बंद करू नका, ते यासाठी. १५ मिनिटांची पाच करा. एक स्तोत्र वाचा, आमेन म्हणा, उठा.

राग आवरत नाही. बाहेर सगळे भला माणूस म्हणतात, घरात मात्र ओरडतो.

मग खरं मत घरच्यांचं. बाहेर आपण जपून वागतो, घरात सैल होतो, आणि आत जे असतं ते तिथेच दिसतं.

आठ दिवस नोंद ठेवा: राग कधी आला, कुणावर, त्याआधी काय झालं होतं. बहुतेकांना दोन-तीनच जागा सापडतात. कामावरून आल्यानंतरचा पहिला अर्धा तास, मुलांचा अभ्यास, पैशाचं बोलणं. जागा कळली की उपाय सोपा होतो. घरात शिरल्या शिरल्या कुठलाही निर्णय घ्यायचा नाही, आधी चहा-आंघोळ. पैशाचं बोलणं रविवारी दुपारी, रात्री अकराला नाही. याकोब १:१९ मधलं ‘बोलण्यास धिमा’ इतक्या साध्या पातळीवर उतरवावं लागतं.

तरी चुकणार. तेव्हा माफी कशी मागायची हे शिकलेलं बरं, कारण मंडळीत हे कुणी शिकवत नाही. काय केलं ते नेमकं बोला: ‘मुलांसमोर तुझ्या माहेरावरून बोललो, ते चुकलं.’ त्यात ‘पण’ आणू नका, ‘पण तूही’ म्हटलं की माफी तिथेच संपली. समोरच्याला किती लागलं ते ऐकून घ्या, मध्ये स्पष्टीकरण देऊ नका. भरपाई शक्य असेल तर करा. ज्यांच्यासमोर अपमान केला त्यांच्यासमोरच चूक कबूल करणं ही भरपाईच आहे. आणि लगेच क्षमा मिळावी असा हट्ट धरू नका. वडिलांनी मुलाची माफी मागितली तर मान जात नाही. मुलाला पश्चात्ताप म्हणजे काय ते पहिल्यांदा दिसतं.

इफिसकरांस ४:२६ सूर्य मावळण्याआधीची मुदत देतं. त्याचा अर्थ रात्री दोन वाजेपर्यंत भांडण सोडवत बसा असा नाही. ‘मला तुझ्याशी वैर नाही, उद्या शांतपणे बोलू’ एवढं म्हणून झोपता येतं. फक्त दुसऱ्या दिवशी खरंच बोला.

मंडळीतल्या माणसाने दुखावलं असेल तर?

मत्तय १८:१५-१७ चा क्रम पाळा. आधी त्याला एकट्याला गाठा. ऐकलं नाही तर एक-दोघांना सोबत घ्या. मग मंडळी. प्रत्यक्षात आपण हे उलटं करतो: आधी व्हॉट्सअ‍ॅप गटावर, मग चार घरी ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून, आणि त्या माणसाला सगळ्यात शेवटी कळतं. प्रार्थनेचा विषय सांगताना नाव घेतलं नाही तरी प्रार्थना होऊ शकत असेल, तर नाव घेऊ नका. निम्मी चहाडी तिथेच थांबते.

नवरा मारतो. क्षमा कर, सहन कर, हेच प्रौढतेचं लक्षण आहे असं सांगतात.

नाही. दाविदाने आपल्या जिवावर उठलेल्या शौल राजाचा सूड घेतला नाही, दोनदा हाती सापडूनही सोडलं. पण शौलाने ‘परत ये’ म्हटल्यावर तो परत राहायला गेला नाही (१ शमुवेल २६ व २७). क्षमा आणि पुन्हा त्याच घरात राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आधी सुरक्षित जागी जा. तातडीची मदत ११२, महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. जो वडीलधारी ‘आपल्या समाजाची बदनामी होईल’ म्हणून थांबवतो, त्याचं या बाबतीत ऐकू नका.

तेच पाप पुन्हा पुन्हा होतं. कबूल करायचीही लाज वाटते.

देवापुढे कबुली देताना नाव घेऊन द्या. ‘माझी पापं क्षमा कर’ एवढ्यावर निसटता येतं. १ योहान १:९ मधलं क्षमेचं वचन विश्वासू आहे, ते तुमच्या लाजेवर अवलंबून नाही. पण जे एकट्याने सुटत नाही त्यासाठी याकोब ५:१६ आहे, एकमेकांजवळ कबुली. एकच माणूस निवडा: तुमच्याच लिंगाचा, वयाने किंवा अनुभवाने मोठा, तोंड बंद ठेवणारा. आठवड्याचा वार ठरवा आणि त्याने स्वतःहून विचारावं असं त्याला सांगा. ‘गरज पडली तर फोन करीन’ ही व्यवस्था चालत नाही, कारण गरज पडते तेव्हाच फोन करावासा वाटत नाही.

मार्गही तोडावा लागतो. रात्री अश्लील व्हिडिओ पाहिले जात असतील तर फोन झोपायच्या खोलीत नको, चार्जर स्वयंपाकघरात. जुगाराचं अ‍ॅप असेल तर खात्याचे व्यवहार पत्नीच्या हाती द्या.

दारूबद्दल एक इशारा. जो रोज भरपूर पितो त्याने प्रार्थनासभेत शपथ घेऊन एका रात्रीत सोडणं जिवावर बेतू शकतं. शेवटच्या पेगनंतर काही तासांपासून दोन-तीन दिवसांपर्यंत हात थरथरणं, घाम, भास, फिट येणं असं होऊ शकतं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडा, प्रार्थना सोबत चालू ठेवा.

उपास कसा करावा?

पाणी प्या. सुरुवात एका जेवणापासून करा, उदाहरणार्थ उपवासकाळातल्या (ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांतल्या) शुक्रवारचं दुपारचं जेवण. तो वेळ वाचन-प्रार्थनेला आणि त्या जेवणाचे पैसे गरजू घराला, नाहीतर ती फक्त बचत झाली. डोकं दुखतं ते बरेचदा चहा तुटल्यामुळे, म्हणून दोन-तीन दिवस आधीपासून कप कमी करत आणा. कॅथलिक नियमात राखेचा बुधवार (उपवासकाळाचा पहिला दिवस) आणि उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) या दोन दिवशी १८ ते ५९ वयोगटातल्यांनी एक पूर्ण जेवण आणि दोन अल्प आहार एवढंच घ्यायचं असतं. प्रोटेस्टंट मंडळ्यांत सक्ती नसते.

इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी, वाढत्या मुलांनी, आणि कारखान्यात प्रेस मशीनवर उभं राहणाऱ्यांनी अन्नाचा उपास करू नये. साखर उतरून चक्कर आली तर हात जातो. त्यांनी टीव्ही, रील्स सोडावं. खरं सांगायचं तर काहींना ते जेवणापेक्षा जड जातं. आणि उपासाच्या दिवशी मोलकरणीचा पगार अडवून ठेवू नका, यशया ५८ नेमकं त्याबद्दलच आहे.

दशांश पगाराच्या कुठल्या आकड्यावर? कर्ज असेल तर?

मंडळ्यांची मतं वेगळी आहेत. नव्या करारात ठरावीक टक्का सांगितलेला नाही. मिळकतीच्या मानाने, आधी बाजूला काढून, आनंदाने (१ करिंथ १६:२, २ करिंथ ९:७) ही तत्त्वं आहेत. हातात २२,००० येत असतील आणि १० टक्के अशक्य वाटत असेल, तर पाच टक्के म्हणजे १,१०० पगाराच्या दिवशीच वेगळे काढा आणि पगार वाढेल तसा अर्धा-एक टक्का वाढवत जा. महिनाअखेरीला उरेल ते देऊ म्हणणाऱ्यांचं काही उरत नाही. शेतकऱ्याने आलेल्या पूर्ण रकमेवर न जाता औषध, मजुरी, वाहतूक वजा करून नफ्यावर हिशोब करावा.

हप्ते थकवून, भिशी बुडवून किंवा आईवडिलांचं औषध थांबवून दान देऊ नका. मार्क ७:९-१३ मध्ये येशू आईवडिलांची गरज टाळून दिलेल्या दानावर कडक बोलतो. दुप्पट परत मिळेल म्हणून द्या असं कुणी सांगत असेल तर तो गुंतवणूक विकतोय, दान शिकवत नाही.

शेजारी प्रसाद देतात, गणपतीची वर्गणी मागतात, आता सिंहस्थ आला. कसं वागावं?

नाशिकमध्ये हा प्रश्न टाळता येत नाही, आणि करिंथमध्येही टाळता येत नव्हता. तिथे बाजारातलं मांस बरेचदा देवळातून आलेलं असायचं. १ करिंथ ८ ते १० मध्ये पौल तीन वेगळ्या परिस्थिती पाहतो आणि तिन्हींना एकच उत्तर देत नाही. मूर्तिपूजेच्या पंगतीत सहभागी होऊ नका (१०:१४-२२). बाजारात मिळणारं न विचारता खा (१०:२५). कुणी घरी बोलावलं तर वाढलेलं खा, पण ‘हे वाहिलेलं आहे’ असं कुणी मुद्दाम सांगितलं तर त्याच्या विवेकासाठी खाऊ नका (१०:२७-२९).

यावरून प्रामाणिक ख्रिस्ती माणसं वेगवेगळ्या निर्णयांवर येतात. कुणी प्रसाद नम्रपणे नाकारतो, कुणी हातात घेऊन आभार मानतो पण खात नाही. रोमकरांस १४ दोघांनाही बजावतं: न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष लावू नये, खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ लेखू नये. नाकारायचा असेल तर ‘काकू, आमच्यात घेत नाहीत, राग मानू नका’ एवढं पुरतं. दारात प्रवचन देऊ नका. आणि नाताळाला करंज्या-केक घेऊन आधी तुम्हीच त्यांच्याकडे गेलेले असाल तर नकार अपमान वाटत नाही. पूजेची वर्गणी देणं विवेकाला पटत नसेल तर सोसायटीच्या पाण्याच्या टाकीला, रक्तदान शिबिराला आपणहून द्या, म्हणजे पैसे वाचवायला नाही म्हणालात असं वाटणार नाही.

सिंहस्थात रामकुंडाकडे जाणाऱ्या वाटांवर लाखो लोक चालतात. तहानलेल्याला पाणी द्या, हरवलेल्या म्हातारीला पोलीस चौकीपर्यंत सोडा. पाण्याच्या ग्लासाबरोबर पत्रक देऊ नका. भाविकांची टिंगल करणारे विनोद घरातही नकोत, मुलं तेच शाळेत बोलतात.

यूट्यूबवरचे उपदेशक ऐकावेत का?

ऐका, पण तुमच्या मंडळीची जागा त्यांना देऊ नका. तो उपदेशक तुम्हाला ओळखत नाही, तुमच्या घरी कुणी वारलं तर येणार नाही. १ थेस्सलनी. ५:२१ सगळ्याची पारख करायला सांगतं. भविष्यवाणीबरोबर बँक खात्याचा क्रमांक आला, की औषधं बंद करा असं सांगितलं, की तिथेच थांबा. आजारी हिज्कीया राजा बरा होईल असं देवाने सांगितलं, तरी यशया संदेष्ट्याने गळवावर अंजिराचं पोटीस बांधायला लावलंच (२ राजे २०:७).

दृढीकरण झाल्यावर मुलं चर्चला यायची बंद होतात.

कारण दृढीकरण त्यांना निरोप समारंभासारखं वाटतं. परीक्षा झाली, वर्ग संपला. त्याच महिन्यात त्यांना काम द्या: शास्त्रपाठ वाचणं, साउंड सिस्टिम, संडेस्कूलमध्ये लहानांना मदत, आजारी आजोबांकडे भेट. त्यांच्या शंका ऐकताना ‘असं विचारायचं नसतं’ म्हणू नका. येशू मेलेल्यातून उठल्याबद्दल थोमा या शिष्याने शंका बोलून दाखवली, आणि येशू आठ दिवसांनी त्याच्यासाठी पुन्हा आला. घरी जेवताना पाळकांवर आणि कमिटीवर टीका चालत असेल तर मुलं का येत नाहीत याचं उत्तर ताटावरच आहे.

आपण वाढतोय हे कसं तपासावं?

वर्षातून दोनदा, आगमनकाळाच्या (नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या) आणि उपवासकाळाच्या सुरुवातीला, हे प्रश्न लिहून काढा. भांडणानंतर बोलायला मला किती वेळ लागतो? माझी चूक दाखवणाऱ्याशी मी कसा वागतो? माझ्या हाताखालची माणसं, रिक्षावाला, भांडीवाली मावशी, यांच्याशी माझा आवाज कसा असतो? कुणालाही न सांगता मी शेवटचं भलं कधी केलं? दुसऱ्याचं कौतुक झालं की मला काय वाटतं?

मग तेच प्रश्न स्वतःबद्दल पत्नीला, नवऱ्याला किंवा मोठ्या मुलीला विचारा आणि मध्ये न बोलता ऐका. दोन उत्तरांत फरक पडला तर त्यांचं धरा. फिलिप्पै ३:१२ मध्ये खुद्द पौल म्हणतो की मी अजून पूर्ण झालेलो नाही, आणि तीन ओळींनंतर म्हणतो, जे प्रौढ आहेत त्यांनी असाच विचार करावा. म्हणून यादीत उणीव दिसली म्हणजे नापास झालात असं समजू नका. एकच उणीव घ्या, पुढचे सहा महिने तिच्यावर काम करा, बाकीच्या राहू द्या.

पाळकांशी बोलायचं आहे, पण ते नेहमी घाईत असतात.

रविवारी उपासनेनंतर दारात गाठू नका. तिथे त्यांच्यामागे पन्नास माणसं असतात. मंगळवार ते गुरुवार फोन करून वेळ घ्या आणि विषय एका वाक्यात आधीच सांगा: घरचं भांडण, पापकबुली, मुलाचं लग्न, पैशाची अडचण. स्त्रियांनी पाळकबाईंना किंवा मंडळीतल्या एखाद्या ज्येष्ठ बाईला सोबत बसवायला सांगितलं तर ते अगदी रास्त आहे. बोललेलं बाहेर जाऊ नये असं वाटत असेल तर ते सुरुवातीलाच स्पष्ट म्हणा.